बशीत मेलेला कॅन्सर

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फोटो आला. हिंदी वर्तमानपत्राचं जुनं कात्रण. त्यात एक चष्मेवाली बाई हातात झाडाची फांदी धरून उभी आहे आणि चेहरा असा की आता ती फोटो काढणाऱ्याच्या कानाखाली वाजवणार. वर मोठ्या अक्षरांत: झाँसी की प्रोफेसर का कमाल, बेतवा किनारे की जड़ी से ख़त्म होगा कैंसर. खाली कुणीतरी मराठीत जोडलं होतं, "जास्तीत जास्त लोकांना पाठवा. कुणाचा तरी जीव वाचेल."

मी लिहिलं, "हे खोटं आहे. या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. पुढे पाठवू नका."

लगेच चौथ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं. "असू दे हो वहिनी. झाडपाला तर आहे. नुकसान काय आहे?" आणि मागे जोडलेले दोन हात.

नुकसान काय आहे, ते सांगते.

फोटोतल्या बाई म्हणजे डॉक्टर मालती टोकेकर. मी लग्न होऊन साताऱ्याहून झाशीला गेले. नवरा तिथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. मला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली आणि स्टाफरूममध्ये मालतीताईंच्या शेजारची खुर्ची. ती खुर्ची रिकामी का होती, हे आठवडाभरात कळलं. झाशीच्या मुलांना 'टोकेकर' हे आडनाव वाटतच नसे. हिंदीत टोकणं म्हणजे बोलता बोलता मध्येच हटकणं, चूक दाखवणं. मुलांना वाटे हे मॅडमना कुणीतरी विचार करून दिलेलं नाव आहे. "टोके मैडम आ रही हैं," म्हणत व्हरांडा रिकामा होई.

त्यांचं घराणं झाशीत पिढ्यान् पिढ्या राहिलेलं. पूर्वज पुजारी, पंचांग सांगणारे. "तेव्हा लोक मुहूर्त विचारायला यायचे," त्या म्हणायच्या, "आता माझ्याकडे औषध विचारायला येतात. दोघांनाही हवं एकच, कुणीतरी छातीठोक सांगावं की सगळं ठीक होणार." घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात हिंदी मिसळून गेलेली. "माझा दिमाग नको खाऊस," "तू चिंता नको करूस, मी देखते" असं त्या सहज बोलत. एकदा मी म्हटलं, "ताई, तुम्हाला फार राग येतो." तर म्हणाल्या, "राग नाही गं, गुस्सा. इथे राग म्हटलं की लोक तानपुरा शोधायला लागतात."

सुती साडी, पायात खेळाचे बूट, खांद्याला शबनम, आणि शबनममध्ये खडू. रस्त्यात पाटीवर चुकीचं लिहिलेलं दिसलं की थांबून दुरुस्त करायच्या. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांचं बैठं घर होतं. लग्न केलं नव्हतं. अंगणात सदाफुलीच्या कुंड्या होत्या आणि प्रत्येक कुंडीवर स्वतः रंगवलेली पाटी: 'यह ज़हर है. कृपया न चबाएँ.'

सदाफुली हे त्यांचं पहिलं प्रेम. तिकडे तिला सदाबहार म्हणतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर जी औषधं देतात, त्यांतली काही याच साध्या फुलझाडातून निघाली. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, डोळे चमकायचे. पण कुणी त्याच्यापुढे "म्हणजे पानं खाल्ली की..." असं म्हटलं, की संपलं.

सिव्हिल लाइन्समधल्या बागेत सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. सदाबहारची पानं तोडून चावत चालायचे. मालतीताईंनी एका सकाळी त्यांचा रस्ताच अडवला.

"थूकिए."

"जी?"

"भाईसाहब, पहले थूकिए, फिर बात करेंगे."

ते गृहस्थ इतके दचकले की खरंच थुंकले. मग म्हणाले, "मैडम, इससे तो कैंसर की दवा बनती है. अख़बार में पढ़ा है."

"बनती है. पोतीच्या पोती पानं वाळवतात," रागाच्या भरात त्या मराठीत घुसल्या आणि परत बाहेर आल्या, "बोरियाँ सुखाओ, तब चुटकी भर निकलती है. वो चुटकी डॉक्टर नस में देता है, तौलकर, और फिर भी डरता है. आप मुट्ठी भर चबा रहे हैं. बकरी देखी है कभी? बकरी सब खाती है, इसको मुँह नहीं लगाती. बकरी से तो सीखिए."

बाग त्या दिवशी हसली. मीही हसले. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं.

वर्गात त्या पहिल्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहायच्या, 'ज़हर'. मग सांगायच्या की झाड जागचं हलू शकत नाही. पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून ते विष तयार करतं. किडे खाऊ नयेत, जनावरांनी ओरबाडू नये म्हणून. आपण त्या विषातून औषध काढतो. पण काढतो, म्हणजे वर्षं घालवतो. कुठलं विष, किती, कुणाला, कुठल्या वाटेने, हे कळेपर्यंत ते विषच असतं. मग एखादा मुलगा इंटरनेटवर वाचलेलं सांगायचा, की अमुक पाल्याच्या अर्काने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मरतात. मॅडम त्याचीच वाट बघत असायच्या.

"मरती हैं. काँच की तश्तरी में मरती हैं. तश्तरी में नमक डालो, मर जाएँगी. फिनाइल डालो, मर जाएँगी. मारना कोई कमाल नहीं है, बेटा. कमाल ये है कि कैंसर मरे और आदमी बच जाए."

एवढा राग बाईला का, यावर स्टाफरूममध्ये चर्चा व्हायची. घरातलं कुणीतरी जडीबुटीच्या नादात गेलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं. त्या कुल्फी खात होत्या. थांबल्या. "कुणी नाही गेलं. आई झोपेत गेली, बाबा म्हातारपणाने. का गं? खोट्याचा गुस्सा यायला घरात कुणीतरी मरावंच लागतं का?"

आणि त्या पुन्हा कुल्फी खायला लागल्या. 

या बाई स्वतः काय काम करत होत्या? हेच. कॅन्सरवरचं औषध झाडात शोधत होत्या. बेतवेच्या काठी, एरच गावाच्या अलीकडे, खडकाळ उतारावर एक झुडूप वाढतं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. वर्षानुवर्षं सुट्ट्यांमध्ये त्या एरचच्या बसने जायच्या, पाला, साल, मुळं घेऊन यायच्या, सावलीत वाळवायच्या, अर्क काढायच्या, वेगवेगळं करायच्या. आमच्या कॉलेजात कॅन्सरच्या पेशी वाढवायची सोय नव्हती, म्हणून लखनौच्या एका प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या बाईंकडे नमुने पाठवायच्या. बहुतेक वेळा काही निघत नसे. एकदा निघालं. त्या झुडपातल्या एका द्रव्याने बशीतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी चांगल्याच मेल्या. मालतीताईंनी शोधनिबंध लिहिला. त्यात 'कदाचित' हा शब्द इतक्या वेळा होता की मी चेष्टा केली. त्या म्हणाल्या, "तेवढाच एक शब्द खरा आहे त्यात."

आमच्या प्राचार्यांना मात्र 'कदाचित' दिसलाच नाही. त्यांनी परस्पर वार्ताहर बोलावले. मालतीताईंनी त्यांना भरपूर वेळ देऊन समजावलं. बशी, पेशी, मग उंदीर, मग माणसं, आणि या वाटेवर निघालेल्यांपैकी बहुतेक कसे मध्येच संपतात, ते सगळं. मिठाची गोष्टसुद्धा सांगितली. एका वार्ताहराने म्हटलं, "मैडम, पौधा हाथ में लेकर एक फोटो." त्यांनी नाक मुरडत घेतली फांदी हातात.

दुसऱ्या दिवशी तो मथळा.

मी त्यांच्याबरोबर वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. वार्ताहर विशीतला, चांगला घरंदाज पोरगा, उठून उभा राहिला, पाणी मागवलं. मालतीताईंनी पेपर त्याच्या टेबलावर आपटला.

"मैंने 'ख़त्म होगा' कहा था?"

"मैडम, हेडलाइन डेस्क बनाता है."

"मैंने 'शायद' कहा था. सौ बार कहा था."

तो पोरगा ओशाळून हसला. "मैडम, 'शायद' लिखेंगे तो पढ़ेगा कौन?"

मला वाटलं आता त्या त्याला मारतात. पण त्यांनी पेपर उचलला आणि घडी घालून शबनममध्ये टाकला. त्याच्या मनात खोट नव्हती, हेच भयंकर होतं. त्याने खरंच चांगली बातमी दिली होती, त्याच्या हिशेबाने. चार-पाच दिवसांनी 'भूल सुधार' छापून आला, आतल्या पानावर, कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा. त्यात त्यांचं आडनाव 'ठोकेकर' झालं होतं.

मग फोन सुरू झाले. कानपूरहून, सागरहून, कुठून कुठून. "मैडम, वो दवा कहाँ मिलेगी?" प्रत्येकाला त्या सांगायच्या, दवा नहीं है, आपका इलाज जहाँ चल रहा है वहीं चलने दीजिए. काही लोक रडायचे. काही चिडायचे, म्हणायचे, बड़े लोगों के लिए छुपाकर रखी है. प्राचार्य मात्र खुशीत होते. कॉलेजचं नाव झालं होतं.

ज्या फोनसाठी मी हे सगळं लिहिते आहे, तो काही महिन्यांनी आला. आम्ही स्टाफरूममध्ये डबा खात होतो. हाताला भाजी लागलेली म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मैडम नमस्ते, मैं रेखा. आपकी स्टूडेंट. एरच से."

"अरे रेखा! कशी, कैसी हो?"

रेखा त्यांची जुनी विद्यार्थिनी. मलाही आठवत होती, पहिल्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारणारी. एरचमध्ये लग्न झालं, तिथल्याच एका शाळेत शिकवत होती.

"मैडम, बस धन्यवाद देने के लिए फोन किया. मुझे छाती में गाँठ निकली थी. कीमो शुरू हुई थी, दो बार लगवाई, बहुत तकलीफ़ हुई. फिर अख़बार में आपकी फोटो देखी. अब कीमो छोड़ दी है. आप ही की दवा पी रही हूँ."

मालतीताईंचा हात ताटलीतच राहिला. त्यांनी विचारलं, "कौन सी दवा?" आवाज अगदी बारीक होता. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

"बोतलवाली, मैडम. उस पर आपकी फोटो है ना."

आम्ही त्याच दुपारी एरचला गेलो. माझ्या नवऱ्याच्या गाडीने.  वाटेत बेतवा दिसली तेव्हा मालतीताईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

रेखा दारात आली. डोक्याला रुमाल, त्याखाली नव्याने उगवलेले बारीक केस. मॅडम घरी आल्या म्हणून तिला इतका आनंद झालेला की ती आत-बाहेर करत होती. नवरा दिनेश, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, खुर्च्या पुसत होता. मालतीताई बसल्याच नाहीत.

"बोतल लाओ."

बाटली आली. काळपट हिरवा काढा, वास त्याच झुडपाचा. लेबलवर तोच फोटो, तीच फांदी. खाली झाशीच्या बाजारातल्या एका दुकानाचं नाव.

आणि मग त्यांचा तोल सुटला. "तू मेरी क्लास में बैठी थी! पहली बेंच पर! ज़हर लिखा था मैंने बोर्ड पर! नमकवाली बात भूल गई? सब भूल गई?" त्या ओरडत होत्या आणि रेखा, तिशीतली, एका मुलीची आई, पुन्हा वर्गातली पोर होऊन मान खाली घालून उभी होती.

सासू आतून आली. पदर डोक्यावर घेत तिने मालतीताईंच्या समोर उभं राहून बुंदेलीत सुनावलं, "हमाई बहू खों काए डाँट रईं, बैनजी? तुमईं ने तो छपवाओ तो."

तुम्हीच तर छापून आणलं होतं.

मालतीताई तिथेच जमिनीवर बसल्या. खुर्ची पुसून ठेवलेली होती, तिच्यावर नाही. खाली. थोड्या वेळाने त्यांनी रेखाचा हात धरला आणि म्हणाल्या, "गलती मेरी है. अब चलो. अभी चलो."

दिनेशला पटवायला संध्याकाळ झाली. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कीमोने बायको अंथरुणाला खिळत होती, आणि काढ्याने तिला बरं वाटत होतं. म्हणजे कीमो थांबल्यामुळे बरं वाटत होतं, पण ते त्याला कसं कळणार? शेवटी मालतीताई म्हणाल्या, "भैया, फोटो पर भरोसा किया ना? अब जिसकी फोटो है वो सामने बैठी है. उस पर करो."

झाशीला, लष्करी छावणीच्या भागातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. सुरुवातीला गाठ लहान होती, काखेपर्यंत पोचली नव्हती. आता ती हाडांत गेली होती. आणि यकृत बिघडलं होतं. त्यांनी विचारलं, "ये क्या पी रही थीं?" मालतीताईंनी बाटली पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी लेबलवरचा फोटो पाहिला, मग समोरच्या बाईकडे पाहिलं.  यकृत सावरेपर्यंत कीमो देता येणार नव्हती. तोवर थांबणं भाग होतं.

थांबायच्या त्या दिवसांत मालतीताई बाजारात त्या दुकानी गेल्या. मी बरोबर होते. दुकानात उदबत्तीचा वास, कपाटात बरण्या, आणि भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत ते कात्रण, काच लावून, हार घालून. दुकानदाराला सगळे वैद्यजी म्हणत. वैद्य तो नव्हता. खऱ्या वैद्याने तरी नाडी धरली असती. त्याने मालतीताईंना पाहिलं आणि दोन्ही हात जोडून गादीवरून खाली उतरला.

"अरे बहनजी! आइए, आइए. सब आप ही की तो कृपा है."

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत. त्या वाक्याएवढी घाण एकही नव्हती.

मालतीताईंनी कात्रण उतरवायला सांगितलं. तो म्हणाला, अख़बार में छपा है, हमने थोड़े छापा. त्यांनी पोलीस चौकीत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "मैडम, जड़ी-बूटी ही तो है. नुक़सान क्या है?" म्हणजे हा प्रश्न मला नवा नाही. तो मी वर्दीतल्या माणसाकडून ऐकलाय, प्राचार्यांकडून ऐकलाय, आता चौथ्या मजल्यावरून ऐकला.

मग त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायला लागल्या. रोज, कॉलेज सुटलं की. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायच्या, "ये फोटो मेरी है. ये दवा झूठी है." काही ऐकून परत जात. काही त्यांना वेडी समजून वळसा घालून आत शिरत. एका बाईने त्यांच्या हातात नाणं ठेवलं. दुकानदाराने शेवटी कंटाळून कात्रण काढलं आणि बाटलीवरचं लेबल बदललं. बाटली तीच राहिली.

रेखाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. एरचहून ये-जा तिला झेपणारी नव्हती. पुढचे महिने त्या घरात मी वेगळ्याच मालतीताई पाहिल्या, म्हणजे चिडक्याच, पण मऊ भाताच्या, मुगाच्या कढणाच्या, पाय चेपणाऱ्या. रेखाला पुन्हा औषध सुरू झालं तेव्हा सलाईनकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ये भी पेड़ से निकला है, पता है? थुनेर की जात का पेड़. पहाड़वाला. कितने लोगों ने कितने साल खपाए, तब ये बोतल बनी है." रेखा म्हणाली, "तो इस बोतल पर किसकी फोटो है, मैडम?" आणि दोघी हसायला लागल्या. नर्स येऊन बघून गेली.

त्या औषधाने बोटं बधिर होतात. रेखाला ब्लाउजची बटणं लागेनात. मालतीताई लावून द्यायच्या, आणि लावताना बटणांवर चिडायच्या, शिंप्यावर चिडायच्या. एका दुपारी मी तिथे असताना रेखा स्वतःहून म्हणाली, "मैडम, एक बात कहूँ? नमकवाली बात मैं भूली नहीं थी."

मालतीताईंचे हात थांबले.

"याद थी. बोतल खोलते वक़्त भी याद आई थी. पर मैडम, इतना डर लगता है ना, तो आदमी नमक भी खा ले."

मालतीताईंनी उरलेली बटणं लावली. नंतर स्वयंपाकघरात माझ्याशी बोलल्या, गॅसकडे बघत. "मी इतकी वर्षं चुकीच्या लोकांवर ओरडले गं. बागेतल्या त्या म्हाताऱ्यावर, मुलांवर, हिच्यावर. घाबरलेल्या माणसावर काय ओरडायचं? जे त्याचं भय विकतात, त्यांची तक्रार करायला गेले आणि चौकीत चहा पिऊन आले."

औषधाने काही काळ चांगलं चाललं. दुखणं उतरलं, रेखा एकदा घरी जाऊन मुलीचा वाढदिवस करून आली. मग औषध लागू पडेना. पावसाळा संपता संपता ती गेली, एरचला, आपल्या घरात. मालतीताई शेजारी होत्या. सासूने त्यांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, असं दिनेशने मला सांगितलं. त्या स्वतः त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

वेळेत औषध चालू राहिलं असतं तर ती वाचली असतीच, असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलं नाही. त्या शहाण्या बाई आहेत. म्हणाल्या, अशा बऱ्याचजणी वाचतात.

त्या हिवाळ्यात लखनौहून उंदरांवरच्या चाचण्यांचा निकाल आला. गाठ कमी व्हायला त्या द्रव्याची जेवढी मात्रा लागत होती, तेवढ्यानेच यकृत खराब होत होतं. मालतीताईंनी तो निकाल माझ्यापुढे सरकवला. त्यांचं वर्षानुवर्षांचं काम त्यात संपलेलं होतं. पण त्या तेवढंच बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे मला तिच्या रिपोर्टात आधीच दिसलं होतं. उंदरांच्या आधी माणसावर प्रयोग झाला माझा. न विचारता."

आणि याच सुमारास कॉलेजच्या स्थापना दिवसाला प्राचार्यांनी त्यांचा सत्कार ठेवला. मला वाटलं त्या जाणार नाहीत. गेल्या. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माइक धरला.

"जिस दवा के लिए आप मुझे शॉल दे रहे हैं, वो दवा नहीं है. वो ज़हर निकली. चूहे मर गए. मेरी एक छात्रा मर गई. ये बात भी उतने ही बड़े अक्षरों में छापिए."

सभागृहात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. भाषण संपलं की वाजवतात, म्हणून. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी मान हलवली, कुणीतरी "बहुत बढ़िया" म्हटलं. वार्ताहर फोटो काढून केव्हाच चहाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी छापून आलं: कैंसर की खोज के लिए प्रोफेसर सम्मानित.

मी त्या दिवशी पहिल्यांदा रागाने रडले. मालतीताई रडल्या नाहीत. त्यांनी शाल शिपायाला दिली, घरी गेल्या, आणि हिंदीत एक पत्रक लिहिलं. वर स्वतःचा तोच फोटो. खाली: 'यह मैं हूँ. मेरे नाम से जो दवा बिकती है, वह झूठ है. इलाज मत छोड़िए. मुझसे पूछना हो तो घर आइए.' पुढची वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या बसस्टँडवर, एरचच्या बसपाशी, हाटात उभ्या राहून ते वाटत. लोक त्याच्यावर भजी ठेवून खात. त्या भजी संपेपर्यंत थांबत आणि म्हणत, "अब पढ़ लीजिए."

काही जण पत्ता शोधत घरी आले. त्यांना त्यांनी परत दवाखान्यात नेऊन सोडलं. किती आले, ते त्यांनी मोजलं नाही, मीही विचारलं नाही.

मग माझ्या नवऱ्याची बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर कुलूप. शेजारणीने सांगितलं, दवाखान्यात असतील, निवृत्त झाल्यापासून तिथेच असतात. छावणीतल्या त्या शांत रस्त्याने मी रिक्षा वळवली.

कीमोसाठी थांबलेल्या लोकांच्या बाकांवर एक बुंदेलखंडी म्हातारी आडवी झाली होती. मे महिना. वरचा पंखा बंद. मालतीताई तिच्या उशाशी उभ्या राहून एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाने तिला वारा घालत होत्या आणि दारातल्या शिपायावर तुटून पडल्या होत्या. "इलेक्ट्रीशियन कल आएगा? इनको गर्मी आज लग रही है कि कल लगेगी?" शिपाई मान खाली घालून ऐकत होता. म्हातारीचे डोळे मिटलेले होते, पण ओठांवर थोडं हसू होतं.

मी जवळ जाऊन वाकले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापटलं. उजवा हात थांबला नाही.

"निघालीस? ठीक आहे. जा, गाडी चुकेल. पोचलीस की फोन कर." आणि लगेच शिपायाकडे वळून, "आप कहाँ चले? मेरी बात ख़त्म नहीं हुई."

मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन मागे पाहिलं. शिपाई खांद्यावर शिडी घेऊन येत होता, मालतीताई पाकीट हलवत त्याला ती कुठे लावायची ते ओरडून सांगत होत्या, आणि बाकांवरची आजारी माणसं माना वर करून पंख्याकडे बघत होती.